मळखाऊ रंगाची शाल

लोकरीच्या दुकानाच्या दारात ताई एका हातात तीन लड्या धरून उभ्या होत्या आणि दुसऱ्या हाताने कधी हा डोळा झाकत होत्या, कधी तो. आत गल्ल्याशी बसलेल्या लोकरवाल्याचा जीव टांगणीला लागला होता. इतक्या वर्षांत या बाईंनी त्याच्याकडे रंग निवडायला एवढा वेळ कधी लावला नव्हता. त्या यायच्या, फडताळांवरून नजर फिरवायच्या, बोट दाखवून "ही, ही आणि ही" म्हणायच्या, लड्या दारातल्या उजेडात नेऊन डोळे अर्धवट मिटून एकदा बघायच्या आणि पिशवीत टाकायच्या. रंगाचं नाव त्यांच्या तोंडून कधी कोणी ऐकलं नव्हतं. नावं नवशिक्यांना लागतात, असं त्यांचं मत होतं. रंग बघायचा असतो, त्याला हाका मारायच्या नसतात.

"ताई, आत येऊन बसता का जरा?" लोकरवाला शेवटी म्हणाला.

"बसून वेगळं दिसेल का?" ताईंनी विचारलं.

अडचण अशी होती की ताईंच्या दोन डोळ्यांचं आपसांत पटेनासं झालं होतं. उजव्याचा मोतीबिंदू नुकताच काढला होता, डाव्याची पाळी अजून यायची होती. नव्या डोळ्याने पाहिलं की हातातली लोकर निळसर आणि थंड दिसायची. जुन्याने पाहिलं की तीच लोकर चहा सांडल्यासारखी पिवळट. दोन्ही उघडे ठेवले तर तिसरंच काहीतरी. डॉक्टरांनी सांगितलं होतं की जुन्या भिंगावर हळूहळू पिवळेपणा चढतो, माणसाच्या लक्षातही येत नाही, दुसरा डोळा केला की सगळं बरोबर होईल. डॉक्टरांचं काय जातंय सांगायला! त्यांना शाल विणायची नव्हती.

आणि ही शाल साधीसुधी नव्हती. ताईंच्या हातून झालेली एक चूक तिच्याखाली झाकायची होती.

चूक कळली ती पट्टी सुटल्यानंतर, धाकटी बघायला आली तेव्हा. धाकटी म्हणजे ताईंची बहीण. साठीला टेकली तरी घरात धाकटीच. आई गेली तेव्हा ती शाळेतही जात नव्हती. तिला ताईंनीच वाढवलं, तिच्या वेण्या घातल्या, तिचे कपडे घेतले. पोर दिवसभर मातीत लोळणारी आणि कपडे धुणारे हात घरात दोनच, तेही ताईंचे. म्हणून ताई तिला नेहमी मळखाऊ रंग घ्यायच्या. राखाडी, मातकट, फार लाड करायचे झाले तर काळपट निळा. पुढे धाकटी मातीत खेळायची थांबली, नोकरीला लागली, पण ताईंचा हात काही त्या फडताळावरून हलला नाही. "तुझ्या रंगाला भडक चालत नाही गं," असं त्या तिच्या लहानपणीच एकदा सहज बोलून गेल्या होत्या. त्यानंतर धाकटीने दुकानात कशाकडे बोट दाखवलं नाही. ताईंचा शब्द तिने कधी खाली पडू दिला नव्हता.

तर ही धाकटी दारात उभी राहिली आणि ताईंनी नव्या डोळ्याने तिच्या खांद्यावरची शाल पाहिली. गेल्या थंडीच्या आधी ताईंनीच विणलेली. जाळीची, तीन छटांची, गळ्याशी फिकी, पाठीवर मध्यम, काठाला गडद. ताईंनी ती राखाडी म्हणून निवडली होती, राखाडी म्हणून महिनोन्‌महिने विणली होती, आणि राखाडी म्हणूनच भिजवून, गादीवर ताणून, काठाला टाचण्या टोचून वाळवली होती. दारातली शाल जांभळी होती. जरा जांभळट वगैरे नव्हे. रस्त्याच्या पलीकडून हाक मारील अशी जांभळी.

"ताई, दिसतंय ना आता नीट?" धाकटीने विचारलं.

"दिसतंय," ताई म्हणाल्या.

धाकटी गेल्यावर त्यांनी यजमानांना धारेवर धरलं. "अहो, ती शाल जांभळी आहे!"

"आहेच," यजमान पेपर बाजूला न करता म्हणाले.

"तुम्हाला दिसत होती? मी विणताना?"

"समोर बसून विणत होतीस. न दिसायला काय झालं?"

"मग बोलला का नाहीत?"

यजमानांनी पेपर खाली घेतला. "तुला? रंगाबद्दल? मागे दिवाणखान्याच्या भिंतीबद्दल मी एक शब्द बोललो होतो, तेव्हा तू आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हतीस. म्हटलं, हिने ठरवून घेतला असेल जांभळा. हिला कळतं."

ताईंनी भिंतीकडे पाहिलं. त्यांनी रंगाऱ्याच्या डोक्यावर उभं राहून सायीचा रंग लावून घेतला होता. नव्या डोळ्याला तो पिकल्या लिंबाचा दिसत होता. पडद्यांकडे पाहायची त्यांची छाती झाली नाही.

आणि इथून ताईंच्या डोक्यात जो गुंता सुरू झाला, तो काही सुटेना. पिवळेपणा हळूहळू चढतो म्हणजे कधीपासून? भिंत चुकली, पण भिंतीच्या आधीचं काय? भाचीच्या लग्नाचं कापड? शेजारणीचा स्वेटर, जो ती कधीच घालत नाही? कुठपर्यंतचे रंग खरे आणि कुठून पुढचे खोटे, ती रेघ त्यांना सापडेना. जन्मभर लोक त्यांना विचारत आले आणि त्या सांगत आल्या. आता वाटायला लागलं की लोक काही काळापासून नुसतेच विचारत असावेत.

पण या सगळ्याहून जास्त टोचत होता तो शाल दिली तो दिवस. धाकटीने पुडकं उघडलं होतं आणि कितीतरी वेळ नुसती बघत राहिली होती. मग हळूच म्हणाली होती, "ताई, हा रंग... माझ्यासाठी?" ताई फणकारल्या होत्या, "मग काय शेजाऱ्यांसाठी? तुला शोभेल म्हणूनच घेतलाय." धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ताईंना तेव्हा वाटलं, दमली असेल बिचारी. आता त्यांना कळत होतं की एवढी भडक शाल मोठ्या बहिणीने प्रेमाने दिली म्हणून ती वर्षभर मुकाट्याने अंगावर वागवत होती. चारचौघांत! मळखाऊ रंगात वाढलेली ती बाई!

म्हणून ठरलं होतं. खरीखुरी राखाडी शाल विणायची, धाकटीच्या खांद्यावर टाकायची, आणि ती जांभळी काही बोभाटा न करता परत आणायची.

दुकानाच्या दारात उभं राहून आता दुपार व्हायला आली. ताई आत आल्या, लड्या गल्ल्यावर ठेवल्या आणि जन्मात पहिल्यांदा म्हणाल्या, "ही... राखाडीच आहे ना?"

लोकरवाल्याने आधी लडीकडे पाहिलं, मग ताईंकडे. "राखाडी. तिन्ही राखाडी. एक फिकी, एक मधली, एक गडद."

"निळी नाही?"

"नाही."

"पिवळट?"

"ताई, बरं नाही का वाटत?"

"आणि मागच्या खेपेला मी काय नेलं होतं?"

लोकरवाल्याचा चेहरा एकदम खुलला. "जांभळी! विसरेन कसा? तुम्ही बोट दाखवलंत आणि मी मनात म्हटलं, आज ताईंनी धाडस केलं. संध्याकाळी घरीसुद्धा सांगितलं."

घरीसुद्धा. ताईंनी तिन्ही लड्या पिशवीत कोंबल्या आणि बाहेर पडल्या.

धाकटी बसस्थानकावर काम करायची. लोक बसमध्ये जे जे विसरतात, ते सगळं तिच्या खिडकीशी जमा व्हायचं. छत्र्या, डबे, चष्मे, एकेकटे हातमोजे, आणि एकदा तर कोणाची कवळी. खिडकीला सतत वारा लागायचा, म्हणूनच ताईंनी तिला शाल विणली होती. आता बेत असा होता की नव्या शालीचं माप घ्यायला म्हणून ती जुनी मागायची आणि घरी आणायची. एकदा घरात आली की आली.

स्थानकात शिरल्यावर ताई बावचळल्या. एका डोळ्याला पाट्या पांढऱ्याशुभ्र, एकाला जुनाट. त्यांनी झाडणाऱ्या माणसाला विचारलं, "विसरलेल्या सामानाची खिडकी कुठे?"

त्याने झाडूनेच दाखवलं. "ते टोक. जांभळ्या शालीच्या बाई बसतात तिथे."

ताईंच्या कानांवर कोणीतरी मारल्यासारखं झालं. खिडकीशी पोचेपर्यंत त्यांनी तेच आणखी एकदा ऐकलं. एक चालक दुसऱ्याला हातातला डबा देत म्हणाला, "हा जांभळीबाईंकडे टाक." नावच पडलं होतं! माझ्यामुळे हिला लोक हसतात, ताईंना वाटलं, आणि त्यांनी पाय उचलला.

खिडकीत धाकटी एका म्हाताऱ्याला छत्री देत होती. आणि तिथे एक पद्धत होती. नुसतं "माझी छत्री" म्हणून भागत नसे. वस्तू टेबलाखाली ठेवायची आणि मागणाऱ्याने तिचं वर्णन करायचं. जमलं तर वस्तू त्याची.

"मूठ कसली?" धाकटी विचारत होती.

"लाकडी. वाकडी. कुत्र्याने चावलेली."

"घ्या," धाकटी हसून म्हणाली. म्हातारा जाताना म्हणाला, "शाल छान आहे हो तुमची." आणि धाकटीने ती खांद्यावर सारखी केली. लाजून नव्हे. ऐटीत.

ताई गोंधळल्या. त्यांनी जुना डोळा झाकून पाहिलं, मग नवा झाकून पाहिलं. ऐट दोन्हींना दिसत होती.

"अगं ताई! तू इथे?" धाकटीने खिडकीशेजारचं दार उघडून त्यांना आत घेतलं, स्टुलावर बसवलं. "पिशवीत काय आहे?"

"लोकर."

धाकटीने डोकावून पाहिलं. "राखाडी. कोणासाठी?"

"माझ्यासाठी," ताई म्हणाल्या. खोटं बोलायची सवय नसल्याने त्यांचे कान तापले.

"तू काय ताई, स्वतःलाही मळखाऊच घेतेस." धाकटी समोर बसली. "एक विचारू? खूप दिवस विचारायचंय. इथे मी इतकी वर्षं बसतेय. लोक खिडकीला यायचे, खिडकीशी बोलायचे, निघून जायचे. ही शाल घालून आले त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी विचारलं, बाई, नव्या आलात का? नव्या! मला इतकं हसू आलं. तू लहानपणी म्हणाली होतीस, तुझ्या रंगाला भडक चालत नाही. मी ते धरूनच बसले होते. मग तू हे विणलंस. मला वाटलं, ताईला मी आता दिसले. ताई, तुला तेव्हा काय वाटलं होतं? का घेतलास हा रंग?"

आता आली का पंचाईत! ताई तळ्यात-मळ्यात करू लागल्या. एक वाक्य बोललं की काम झालं असतं. तुला शोभेल म्हणून. मागे बोललेलंच पुन्हा बोलायचं होतं. पण मागे ते वाक्य त्या राखाडीबद्दल बोलल्या होत्या, आणि समोर बसलेली बाई ते जांभळ्याबद्दल धरून जगत होती. तिला खरं सांगावं तर तिचं मन मोडतं. न सांगावं तर तिला कायमचं फसवल्यासारखं होतं, आणि या पोरीशी ताई कशाही वागल्या असतील, खोटं कधी वागल्या नव्हत्या.

"मला दिसला नव्हता गं," ताई म्हणाल्या. "या डोळ्यांना तो राखाडी दिसला. मी तुला राखाडीच घेतला होता."

बाहेर कोणीतरी खिडकीच्या काचेवर टकटक केलं. धाकटीने उठून एक चष्मा दिला, त्याचं वर्णन विचारायचं विसरून. मग पाठमोरीच म्हणाली, "म्हणजे मी नाहीच दिसले."

"तसं नाही गं..."

"ताई, तू जा आता. गर्दी होईल."

गर्दी वगैरे काही नव्हती. ताई उठल्या. स्थानकाबाहेर येईपर्यंत त्यांच्या दोन्ही डोळ्यांना धार लागली. डोळ्याला बाहेरचं पाणी लागू द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आतल्या पाण्याबद्दल ते काही बोलले नव्हते. घरी पोचल्यावर लक्षात आलं की पिशवी धाकटीच्या स्टुलाखालीच राहिली. विसरलेल्या सामानाच्या खिडकीत सामान विसरून येणारं गिऱ्हाईक जगात दुसरं नसेल.

पुढचे काही दिवस ताईंनी एकही सुई हातात धरली नाही. पिशवी आणायला जायचा धीर होईना, धाकटीला फोन करायचाही होईना. यजमानांनी एकदा "जाऊन येतेस का?" म्हणून पाहिलं, आणि पुन्हा पेपरात शिरले. ताई खिडकीशी बसून एकेक डोळा झाकून घर पाहत राहायच्या. कोणत्या डोळ्याने धाकटीला त्यांनी आजवर पाहिलं होतं? ताईंना एकच उत्तर सापडत होतं आणि ते नको होतं. डोळ्यांत काही साचायच्या कितीतरी आधीपासून त्यांनी तिच्याकडे पाहायचंच सोडलं होतं. ती मळणार, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी दार वाजलं. धाकटी होती. खांद्यावर शाल होती. ताईंनी आधी तीच पाहिली आणि त्यांच्या जिवात जीव आला.

धाकटी आत येऊन टेबलाच्या पलीकडे बसली. पिशवी तिने मांडीवर, टेबलाखाली धरली. "वस्तू हरवली आहे म्हणे तुमची. वर्णन करा."

"पिशवी आहे. कापडी."

"आत काय आहे?"

"लोकर. तीन लड्या."

"रंग?"

ताईंना रडू फुटलं. "कोणत्या डोळ्याने सांगू गं? मला खरंच कळत नाही आता. मला काहीच कळत नाही."

धाकटीने पिशवी टेबलावर ठेवली. ती उठून ताईंच्या बाजूला येऊन उभी राहिली. "मला राग आला होता," ती म्हणाली. "अजून थोडा आहे. तू चुकून घेतलास, ठीक आहे. पण ताई, घातला मी. मला डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. सकाळी उठून आरशात बघून घालत होते, ते काही चुकून नाही."

ताईंनी तिचा हात धरला. यजमान स्वयंपाकघराच्या दारातून चहाचे कप घेऊन आले होते, ते तसेच मागे फिरले.

"चल," धाकटी म्हणाली. "ही राखाडी बदलून आणू."

लोकरवाल्याने दोघींना एकत्र येताना पाहिलं आणि घाईघाईने स्टूल पुसलं. पण बसलं कोणीच नाही. या खेपेला फडताळासमोर धाकटी उभी राहिली आणि ताई तिच्या मागे. धाकटीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, एक लडी काढली, परत ठेवली. "मला जमत नाही गं. मी कधी निवडलंच नाही."

ताईंच्या जिभेवर चार सूचना आल्या. त्या त्यांनी गिळल्या. तेवढं कष्टाचं काम त्यांनी त्या वर्षात दुसरं केलं नव्हतं.

धाकटी पुन्हा फडताळापुढे सरकली. ती रंगांकडे बघायची, मग वळून ताईंच्या चेहऱ्याकडे बघायची, मग परत रंगांकडे. असं बराच वेळ चाललं. शेवटी तिने वरच्या खणात हात घालून तीन लड्या काढल्या आणि त्या दारातल्या उजेडात नेल्या, ताई न्यायच्या तशाच.

लाल. एक तांबूस नारिंगी, एक लाल, एक विटेसारखी गडद.

"अगं, पण तुझ्या त्या कपड्यांवर हे..." ताईंच्या तोंडून निसटलंच.

"माझ्याकडे शाल आहे," धाकटी म्हणाली. तिने मधली लडी ताईंच्या गळ्याशी धरली आणि डोळे अर्धवट मिटून पाहिलं. "ही तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी? हा रंग?"

"मग काय शेजाऱ्यांसाठी? तुला शोभेल म्हणूनच घेतेय."

आयुष्यात ताईंना कोणी रंग घेऊन दिला नव्हता. त्यांनी लडी हातात घेतली, सवयीने जुना डोळा झाकला. लाल. मग नवा झाकला. लालच. त्यांनी पुन्हा पाहिलं, लवकर लवकर, एकदा हा आणि एकदा तो. दोन्ही डोळे, कितीतरी दिवसांनी, एकच सांगत होते.

"बघ किती वेळ लावतेस," धाकटी म्हणाली. "आवडला नाही का?"

ताईंनी दोन्ही डोळे उघडे ठेवले आणि आधी लोकरीकडे नाही, धाकटीकडे पाहिलं. तिच्या सावळ्या गालाशी तो जांभळा काठ आला होता. तो तिला फार शोभत होता.

"काठाला गडद जास्त लागेल," ताई म्हणाल्या. "त्या रंगाच्या दोन लड्या काढायला सांग त्याला."